शिरोलीच्या फाउंड्रीतला हवेतला माऊस: बाण नेमका कुठं निसटतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत शॉपला लागूनच प्रशिक्षणाची खोली आहे. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद. समोर शंभर इंची पडदा, छताला प्रोजेक्टर. डाव्या भिंतीला मोठी काच आहे आणि तिच्यातून ओतकामाचा मजला दिसतो. उजव्या भिंतीपलीकडे शेकआऊट, म्हणजे साचा हादरवून कास्टिंगपासून वाळू मोकळी करणारं यंत्र. या दोन भिंतींनी पुढं बराच घोळ घातला, म्हणून त्या आधीच सांगितल्या.

इथं नव्या पोरांना कास्टिंगचे दोष ओळखायला शिकवतात: ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं छिद्र), श्रिंकेज (रस आक्रसून राहिलेली पोकळी), कोल्ड शट (रसाचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची खूण), वाळू अडकल्याच्या खुणा. पडद्यावर फोटो मोठा करायचा, दोषाच्या कडेवर बोट ठेवल्यासारखं दाखवायचं, मग ड्रॉइंग उघडून रायझर, म्हणजे आक्रसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवणारा साठा, कुठं कमी पडला ते सांगायचं. पूर्वी हे लेझर पॉइंटरवर भागायचं. पुढं गोकुळ शिरगावचं युनिटही व्हिडिओ कॉलवरून याच वर्गाला बसू लागलं आणि लेझर निरुपयोगी ठरला. कारण लेझरचा ठिपका पडद्यावर पडतो, संगणकात जात नाही. पलीकडच्यांना तो दिसतच नाही. माऊस वापरावा तर प्रशिक्षक टेबलाला जखडला जातो. म्हणून हातात धरून हवेत फिरवायचा माऊस घ्यायचं ठरलं, आणि कुठला घ्यायचा यावरून हे प्रकरण सुरू झालं.

तुलनेला तीन जातींची उपकरणं होती. पहिलं, टीव्ही बॉक्सबरोबर मिळतो तसा जायरो (फिरणं ओळखणारा सेन्सर) असलेला रिमोट: चालू केला की पडद्यावरचा बाण सतत हाताबरोबर फिरतो, हजार-दीड हजारांत मिळतो. दुसरं, सादरीकरणासाठीचा जायरो पॉइंटर: वरचं बटण दाबून धरलं तरच बाण हलतो, सोडलं की जागेवर थांबतो, आणि क्लिकचं बटण वेगळं. किंमत रिमोटच्या कितीतरी पट. तिसरं, कॅमेऱ्याचं: रिमोटच्या तोंडाशी अवरक्त प्रकाश पाहणारा छोटा कॅमेरा, आणि पडद्याच्या वर एलईडींची पट्टी. २००६ साली आलेल्या निन्टेन्डो वीचा रिमोट याच तत्त्वावर चालायचा. पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत असले तरी तिच्यात सेन्सर नसतो, नुसते दिवे असतात. बघण्याचं काम हातातला रिमोट करतो. त्या रिमोटला जायरोची जोड मिळाली ती २००९ साली, वेगळ्या जोडणीतून.

चौथं उपकरण मुद्दाम ठेवलं: टेबलावरचा साधा वायरवाला माऊस. तो विकत घ्यायचा नव्हता, पण मोजपट्टी म्हणून तो लागतोच. तुलनेत माऊस नसेल तर दोष उपकरणाचा की बाकीच्या साखळीचा, हे कधीच कळत नाही.

आधी कोन मोजा

दुकानात रिमोट हातात घेऊन बाण पडद्यावर गोल फिरवला की सगळेच खूश होतात. त्या फिरवण्याला काही अर्थ नाही. बाण फिरवणं सोपं असतं. अवघड असतं ते थांबवणं, आणि त्याहून अवघड थांबलेल्या जागी क्लिक करणं. हे किती अवघड आहे ते साध्या हिशेबाने आधीच कळतं.

शंभर इंची १६:९ पडद्याची रुंदी २.२१ मीटर. १९२० पिक्सेल त्यात बसतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण १.१५ मिलिमीटर. कोपर कमरेशी टेकवून नुसत्या मनगटाने आरामात डावीकडून उजवीकडे तीसेक अंश फिरता येतं. तेवढ्यात अख्खा पडदा पार करायचा तर एका अंशाला ६४ पिक्सेल पडतात. मेन्यूतलं १६ पिक्सेलचं चिन्ह म्हणजे मनगटाचा पाव अंश. स्थिर धरलेला हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. तो आजार नव्हे, प्रत्येक निरोगी हाताचा धर्म आहे. त्यात अंगठ्याने बटण दाबताना रिमोट अर्धा अंश जरी खाली झुकला, तरी बाण ३२ पिक्सेल सरकला. म्हणजे चिन्हाच्या दुप्पट. इथं कौशल्य कमी पडत नाही, भूमितीच आड येते.

वेग कमी करून ठेवला, समजा अंशाला ३०, तर नेम सुधारतो. पण पडदा पार करायला ६४ अंश लागतात, खांदा कामाला लागतो आणि पाऊण तासात हात भरून येतो. ही ओढाताण कुठल्याच उपकरणात सुटत नाही, फक्त कमी-जास्त होते.

चाचणी कशी लावली

अशी उपकरणं तोलायला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या ९२४१ मालिकेतली भाग ४११ (२०१२) ही पद्धत आहे. पडद्यावर वर्तुळात १३ लक्ष्यं मांडायची आणि एकावरून समोरच्यावर, तिथून पुन्हा अलीकडच्यावर, असं क्लिक करत जायचं. वर्तुळाचा व्यास ६०० पिक्सेल, लक्ष्यं तीन मापांची: १६, ३२ आणि ६४ पिक्सेल. लक्ष्य जितकं दूर आणि लहान तितका वेळ जास्त, या पॉल फिट्सने १९५४ साली मांडलेल्या नियमाच्या आज प्रचलित सूत्राने काठिण्य काढतात: अंतर भागिले रुंदी, अधिक एक, त्याचा दोनच्या पायाचा लॉग. ६४ च्या लक्ष्याचं काठिण्य ३.४ बिट येतं, ३२ चं ४.३, १६ चं ५.३.

क्लिक लक्ष्यावर लागली की चुकली एवढंच बघून भागत नाही. प्रत्येक क्लिक केंद्रापासून किती दूर पडली ते नोंदवून तिचं प्रमाण विचलन काढायचं आणि त्याला ४.१३३ ने गुणायचं. ही आली ‘परिणामी रुंदी’. समजा १६ पिक्सेलच्या लक्ष्यावर विचलन ९ पिक्सेल आलं, तर परिणामी रुंदी ३७. म्हणजे माणूस १६ चं लक्ष्य मारतोय असं कागदावर दिसलं तरी हात ३७ चंच मारतोय. काठिण्य ५.३ वरून ४.१ वर येतं. एका क्लिकला दोन सेकंद लागले तर सेकंदाला दोन बिट. घाईने चुका करणारा आणि जपून संथ चालणारा, दोघांना एकाच मापात बसवण्याची ही खुबी आहे. ताळ्याला म्हणून सांगायचं तर या पद्धतीने टेबलावरच्या माऊसचा आकडा प्रकाशित अभ्यासांत साधारण ३.७ ते ४.९ बिट प्रतिसेकंद येतो. तुमचा माऊस त्याच्या बराच खाली आला, तर मांडणीतच काहीतरी बिघडलंय.

बसवलेले प्रशिक्षक चार: पॅटर्न शॉपचे जुने मिस्त्री, ज्यांना दुहेरी काचेचा चष्मा आहे, डावखुरे एक, रोज संगणकावर बसणारे एक, आणि क्वालिटीच्या ताई. प्रत्येकाने वेगळ्या उपकरणापासून सुरुवात केली, नाहीतर शेवटच्या उपकरणाला सरावाचा फुकट फायदा मिळतो. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद ठेवलं, कारण त्याने बाणाचा वेग हाताच्या गतीप्रमाणे बदलतो आणि तुलना कालवली जाते. प्रत्येकाची पहिली फेरी मोजायची नाही. ती हात बसायची.

पहिला धडा माऊसने दिला

पहिल्या दिवशी तिन्ही उपकरणं जड वाटली. बाण हाताच्या मागून ओढल्यासारखा येत होता. पुढं जाऊन थांबायचं तर तो लक्ष्य ओलांडायचा, परत आणायचं तर अलीकडे यायचा. माऊस नसता तर तिन्ही उपकरणं नापास करून सगळे घरी गेले असते. पण माऊसही तसाच चालत होता, आणि माऊसला जायरो नसतो.

दोष होता लॅपटॉपवरचं चित्र वायरशिवाय प्रोजेक्टरला पाठवणाऱ्या बिनतारी जोडणीत. हा उशीर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, हात आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, माऊसला टिचकी मारा. हात हलल्यापासून बाण हलेपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. ३६ फ्रेम आल्या तर दीडशे मिलिसेकंद उशीर. हे किरकोळ नाही: मॅकेंझी आणि वेअर यांच्या १९९३ च्या प्रयोगात २२५ मिलिसेकंद उशिराने क्लिकचा वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या होत्या. ती जोडणी काढून दहा मीटरची एचडीएमआय केबल छतातून ओढली, प्रोजेक्टरमधली कीस्टोन दुरुस्ती (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय) बंद करून प्रोजेक्टरच सरळ बसवला, आणि पहिल्या दिवसाचे सगळे आकडे फेकून दिले.

त्याच फेऱ्यात डोंगलचा, म्हणजे उपकरणाचे बिनतारी संदेश घेणाऱ्या यूएसबी तुकड्याचाही निकाल लागला. डोंगल लॅपटॉपच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात होता आणि लॅपटॉप लोखंडी कपाटात. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि ही बिनतारी उपकरणं त्याच पट्ट्यात बोलतात. बाण मधेच अडखळतो, मग उडी मारतो. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल कपाटाबाहेर, वर्गाकडे तोंड करून चिकटवला. खर्च चहा-वड्याएवढा.

वाहणारा बाण

जायरो रिमोट टेबलावर ठेवला तरी बाण हळूहळू उजवीकडे चालायचा. प्रशिक्षक म्हणत, बाण ‘वाहतोय’. शब्द अगदी नेमका आहे. जायरो कोन मोजत नाही, कोन बदलण्याचा वेग मोजतो. स्थिर असतानाही त्याचं वाचन शून्यापासून थोडंसं सरकलेलं असतं, आणि ते वाचन साठत जातं. सेकंदाला ०.१ अंशाची चूक असली आणि अंशाला ६४ पिक्सेल असले, तर मिनिटात बाण ३८४ पिक्सेल वाहतो. पडद्याचा पाचवा हिस्सा.

यावर उपकरणाकडे दोन उपाय असतात. एक, आपण स्थिर आहोत असं वाटलं की तो तेवढ्यापुरतं वाचन शून्य धरतो. दुसरा, ठरावीक मर्यादेखालची हालचाल सरळ दुर्लक्षित करतो. दुसऱ्या उपायात मेख आहे. बाण वाहायचा थांबतो खरा, पण बारीक हालचालही मरते: हात पाव अंश हलवला तर बाण ढिम्म, थोडं जास्त हलवलं तर एकदम टुणकन पुढं. स्वस्त रिमोट टेबलावर निश्चल दिसतो म्हणून चांगला, असं समजू नका. बाण अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा सरकवून बघा; टप्प्याटप्प्याने उड्या मारत असेल तर त्याने वाहणं झाकलंय, बरं केलेलं नाही.

आणि पहिला उपाय इथं का चालत नव्हता? शेकआऊटमुळे. यंत्र चालू असताना टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात बारीक वलयं उठत होती. रिमोटला ‘मी स्थिर आहे’ असं कधी वाटलंच नाही, किंवा वाटलं ते हादऱ्यातल्या चुकीच्या क्षणी, आणि चुकीचं शून्य घेऊन तो बसला. शेकआऊट जेवणाच्या सुट्टीत बंद असतं. त्या वेळी रिमोट सपाट ठेवून मिनिटभर हात न लावता कॅलिब्रेट केला, तर दुपारचा वर्ग सुरळीत जायचा. सकाळसाठी दोन इंची फोमचा तुकडा आणि त्यावर जाड लाकडी फळी ठेवली. फोम आणि वजन मिळून हादरा बराच गिळतात. नुसता फोम पुरत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

तापमानाचंही असंच. मिस्त्री रिमोट शर्टाच्या खिशात घालून शॉपमध्ये जायचे आणि भट्टीजवळून थेट एसीच्या खोलीत यायचे. जायरोचं शून्य तापमानाबरोबर सरकतं, म्हणून पहिली काही मिनिटं बाण जोरात वाहायचा आणि मग आपोआप शांत व्हायचा. यात बिघाड काही नव्हता; रिमोट निवत होता. तो खोलीतच टांगून ठेवायचा नियम केला.

दाबून धरायच्या पॉइंटरमध्येही जायरोच आहे आणि तोही वाहतो. पण बटण चार-पाच सेकंदांपुरतंच दाबलेलं असतं, तेवढ्यात वाहून जायला वेळच मिळत नाही. शिवाय प्रत्येक वेळी हात सोयीच्या जागी आणून नव्याने सुरुवात करता येते.

लाडलचा उजेड

कॅमेऱ्याचं उपकरण मोजणीत हवेतल्या तिघांत सर्वात नेमकं ठरत होतं. ते वाहत नाही, कारण प्रत्येक क्षणी दिवे पाहून आपली जागा नव्याने ठरवतं. रोखाल तिथं बाण. डोळा आणि हात यांत भाषांतर करावं लागत नाही. मिस्त्रींना हेच पहिल्या झटक्यात जमलं. आणि तरी दर काही मिनिटांनी बाण अचानक पडद्याच्या कडेला उडी मारायचा, दहा-पंधरा सेकंद वेड्यासारखा नाचायचा, आणि पुन्हा ठीक.

बॅटरी बदलली, पट्टी बदलली, दिव्यांमधलं अंतर २० सेंटिमीटरवरून ६० केलं. (ते अंतर वाढवणं तसंही योग्यच होतं, चार मीटरवरून २० सेंटिमीटर जेमतेम तीन अंशांत मावतात आणि मागे सरकलं की दोन दिवे एक दिसू लागतात.) उडी काही जाईना. शेवटी उड्यांच्या वेळा लिहून काढल्या तेव्हा त्या ओतकामाच्या वेळांशी जुळल्या. चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा लोखंडाचा रस डोळ्याला पिवळा-नारिंगी दिसतो, पण त्याचा खरा भर अवरक्तात असतो. काच दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर जवळचं अवरक्तही आत सोडते. लाडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, वाकली, रसाची धार दिसली, की कॅमेऱ्याला दोन दिव्यांऐवजी तिसरा, त्यांच्याहून प्रखर दिवा दिसायचा आणि तो त्यालाच पट्टी समजायचा. हे पडताळायचं असेल तर रिमोट काचेकडे पाठ करून धरा. ओतकाम चालू असतानाही उड्या थांबतात.

काचेला जाड पडदा लावून हा प्रश्न सुटला असता. पण ती काच मुद्दाम ठेवली आहे: शिकवतानाच पोरांना ओतकाम दिसावं म्हणून. उपकरणासाठी काच झाकणं म्हणजे शिकवणंच झाकणं. कॅमेऱ्याचं उपकरण तिथंच बाद झालं, आणि तो निर्णय अगदी रास्त होता. बिनखिडकीच्या खोलीत हेच उपकरण पहिलं आलं असतं.

क्लिकचा क्षण

उरले दोन जायरो. नुसता बाण दाखवण्यात दोघांत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो क्लिकला. सतत चालणाऱ्या रिमोटमध्ये अंगठा बटणावर टेकला की तोंड खाली जातं आणि क्लिक लक्ष्याखाली पडते. चुकलेल्या क्लिकांचे ठिपके कागदावर मांडले तर ते चौफेर विखुरलेले नसतात, लक्ष्याच्या खालच्या बाजूला गोळा झालेले असतात. उजव्या हाताचे किंचित एका बाजूला, डावखुऱ्यांचे उलट बाजूला. असा कल दिसला की समजावं, नेम बरोबर आहे, दाबताना घात होतोय.

दाबून धरायच्या पॉइंटरमध्ये बाण लक्ष्यावर आणायचा, बटण सोडायचं, बाण थिजतो, मग क्लिक. हात कितीही हलला तरी बाणाला काही होत नाही. एक पायरी वाढते, म्हणून मोठ्या लक्ष्यांवर हा थोडा संथ पडतो. १६ पिक्सेलवर मात्र याला तोड नाही. याचा तोटा वेगळाच: ब्लोहोलची कड सलग गिरवत दाखवायची तर अंगठा धरून ठेवावा लागतो आणि दुखतो. मिस्त्रींनी त्यावर तर्जनीने दाबायची पकड स्वतःच शोधली, कानशीचा दांडा धरतात तशी. पुढं तीच सगळ्यांना शिकवली.

एक चाचणी सगळ्यांनी करावी अशी आहे. रिमोट हातात ४५ अंश कलता धरा आणि सरळ आडवा फिरवा. बाण आडवाच गेला तर आतला प्रवेगमापक गुरुत्वाची दिशा पाहून कल सुधारतोय. तिरका गेला तर ती सोय नाही. टेबलाला रेलून शिकवणाऱ्याचा हात कधीच सरळ नसतो, त्यामुळे ही सोय नसलेला रिमोट त्याला दिवसभर छळतो. टीव्हीवाला रिमोट इथं नापास झाला.

शेवटी चौघांना एसयूएसची, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते विचारणाऱ्या प्रश्नावलीची, दहा वाक्यं मराठीत करून दिली; प्रत्येकाला एक ते पाच गुण. विषम वाक्यांच्या उत्तरातून एक वजा, सम वाक्यांचं उत्तर पाचातून वजा, बेरजेला अडीचने गुणा. सरासरी व्यवस्थेला ६८ पडतात. पण चार माणसांच्या गुणांवर दशांश चिन्ह लावून निर्णय घेऊ नये. कागदाच्या कडेला लिहिलेल्या शेऱ्यांचा उपयोग जास्त झाला. अंगठ्याचं दुखणं आकड्यांत कुठंच नव्हतं, ते शेऱ्यांतच सापडलं.

काय बसवलं

दाबून धरायचे दोन पॉइंटर घेतले. त्याच्या जोडीला पडद्यावरची मांडणीही बदलली, आणि सगळ्यात मोठा फरक तिनेच पडला असं आकडेच सांगतात: ८०० पिक्सेल दूरचं १६ पिक्सेलचं लक्ष्य ५.७ बिटांचं, ४८ पिक्सेलचं ४.१ बिटांचं. सेकंदाला दोन बिटांच्या हाताला पहिल्याला २.८ सेकंद लागतात, दुसऱ्याला २.१, आणि चुका त्याहून जास्त उतरतात. म्हणून विंडोजचं स्केलिंग १५० टक्के केलं. सगळे फोटो आणि ड्रॉइंग एका अनुक्रमाच्या पानावर आणले, प्रत्येकाला ९६ पिक्सेलच्या वरची चौकट. फाइल एक्सप्लोररच्या बारीक यादीत वर्गासमोर शिरायचंच नाही. मोठं-लहान करण्यासाठी क्लिक काढूनच टाकली. पॉइंटरच्या मोकळ्या बटणाला विंडोज आणि अधिकचं चिन्ह ही जोडी दिली की मॅग्निफायर उघडतो आणि बाणाभोवतीचं चित्र मोठं होतं. ड्रॉइंगवर माप लिहायचं असेल तेव्हा मात्र टेबलावरचाच माऊस. हवेत अक्षर काढायला कुणी जाऊ नये.

डावखुऱ्या प्रशिक्षकांचा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. पॉइंटरचं क्लिकचं बटण उजव्या अंगठ्याच्या बेताने बसवलेलं आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये बटणांची अदलाबदल केली तरी बटणाची जागा बदलत नाही. त्यांनी तूर्त बाण पॉइंटरने आणायचा आणि क्लिक टेबलावरच्या माऊसच्या बटणाने करायची असं ठरवलं आहे. पुढची खरेदी होईल तेव्हा मधोमध बटण असलेला नमुना आधी त्यांच्या हातात द्यायचा, आणि सोळा पिक्सेलवर तेरा क्लिक करून घ्यायच्या. शेकआऊट चालू असताना.